नॉमकॉमपुढे उमेदवार म्हणून उभे राहताना : आयईटीएफमधील नेतृत्वपदांसाठी मार्गदर्शक

टीसीपी, एचटीटीपी, टीएलएस, बीजीपी हे इंटरनेटचे नियम ज्या संस्थेत लिहिले आणि सुधारले जातात, त्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सला, म्हणजे आयईटीएफला, सभासदच नाहीत. अर्ज नाही, वर्गणी नाही. एखाद्या कार्यगटाच्या मेलिंग लिस्टवर तुम्ही मानकाच्या मसुद्याबद्दल मुद्देसूद पत्र लिहिले की तुम्ही सहभागी झालात. १९८६ च्या जानेवारीत सॅन दिएगोला २१ जण जमले, तिथून आयईटीएफची सुरुवात झाली.

सभासद नाहीत म्हणजे मतदारयादी नाही, आणि मतदारयादी नाही म्हणजे निवडणूकही नाही. तरीही संस्थेला दरवर्षी निम्म्याच्या आसपास जागांवर माणसे नेमावी लागतात. त्यासाठी उभी राहते ती नॉमिनेटिंग कमिटी, सगळ्यांच्या तोंडी नॉमकॉम. इथे उमेदवारी करणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे याला निवडणूक समजून पाठिंबा गोळा करायला निघणे. प्रत्यक्षात तुम्हाला न ओळखणारे दहा जण तुमची लेखी कामगिरी वाचून आणि तुमच्यासोबत काम केलेल्यांना विचारून निर्णय घेतात. त्यामुळे उमेदवारीचे खरे काम अर्ज भरण्याच्या दोन-तीन वर्षे आधी सुरू होते. अर्ज हा त्या कामाचा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग.

दहा अनोळखी माणसे

आयईटीएफचे प्रसिद्ध झालेले क्रमांकित दस्तऐवज म्हणजे आरएफसी. नॉमकॉमचे नियम आरएफसी ८७१३ मध्ये आहेत. उमेदवारी करण्यापूर्वी हा दस्तऐवज सारांशावर न भागवता पूर्ण वाचा.

मतदानाचा हक्क असलेले दहा सदस्य सोडतीने निवडले जातात. स्वयंसेवकांची यादी आधी प्रसिद्ध होते. सोडतीसाठी कोणते सार्वजनिक आकडे वापरायचे, उदाहरणार्थ ठरावीक तारखेच्या लॉटऱ्यांचे निकाल, हेही आधीच जाहीर होते. नंतर कोणीही घरी बसून तीच आकडेमोड करून निकाल पडताळू शकतो. ही पद्धत आरएफसी ३७९७ मध्ये दिली आहे. एका कंपनीचे किंवा संस्थेचे दोनाहून जास्त मतदार सदस्य चालत नाहीत. समितीचा अध्यक्ष इंटरनेट सोसायटी या संस्थेचे प्रमुख नेमतात. या अध्यक्षाला मत नसते. मागच्या वर्षीचा अध्यक्ष सल्लागार म्हणून बसतो. आयईएसजी (इंटरनेट इंजिनिअरिंग स्टीअरिंग ग्रुप), आयएबी (इंटरनेट आर्किटेक्चर बोर्ड) वगैरे मंडळांचे प्रतिनिधीही असतात, पण त्यांनाही मत नाही.

या सोडतीचा उमेदवाराच्या दृष्टीने अर्थ असा की तुम्ही राउटिंगमध्ये, म्हणजे माहितीचे मार्ग ठरवण्याच्या कामात, दहा वर्षे घालवली असली तरी तुमच्याबद्दल ठरवणाऱ्यांत एखादा ईमेलवाला, एखादा क्रिप्टोग्राफीवाला, एखादा नेटवर्क चालवणारा असणार. राउटिंग जाणणारे कदाचित एक-दोनच. म्हणून पुढे जे काही लिहाल, बोलाल, ते हुशार पण तुमच्या क्षेत्राबाहेरच्या वाचकासाठी असले पाहिजे.

ही रचना आली कुठून हेही माहीत असावे, कारण मुलाखतीत तिचा आत्मा विचारला जातो. १९९२ मध्ये आयपी या इंटरनेटच्या मूळ प्रोटोकॉलच्या पुढच्या आवृत्तीसाठी सीएलएनपी हा प्रोटोकॉल घ्यावा, असा कल आयएबीने दाखवला आणि आयईटीएफमध्ये भडका उडाला. वरच्या मंडळाने खालच्या अभियंत्यांना न विचारता ठरवले, हा राग होता. त्याच वर्षी इंटरनेटच्या सुरुवातीच्या रचनाकारांपैकी एक असलेल्या डेव्हिड क्लार्क यांनी राजे, अध्यक्ष आणि मतदान नाकारून ढोबळ सहमती आणि चालता कोड यांवर विश्वास ठेवण्याची भूमिका मांडली, ती आजही तिथे प्रमाण मानतात. त्या वादातूनच नेमणुकीचा अधिकार सामान्य सहभागींच्या समितीकडे आला. वरून निर्णय लादणारा माणूस वाटलात, तर तुमची तांत्रिक उंची कितीही असो, उमेदवारी तिथेच अडते.

कोणती जागा

नॉमकॉम चार ठिकाणी माणसे नेमते, आणि चारही कामे एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की ‘कुठेही चालेल’ म्हणणारा उमेदवार लगेच उघडा पडतो.

आयईएसजी हे एरिया डायरेक्टरांचे, म्हणजे विभागप्रमुखांचे, मंडळ. आयईटीएफचे काम सुरक्षा, राउटिंग, इंटरनेट, ऑपरेशन्स, अॅप्लिकेशन्स असे विभागलेले आहे. २०२४ मध्ये जुना ट्रान्सपोर्ट विभाग बंद होऊन वेब अँड इंटरनेट ट्रान्सपोर्ट हा नवा आला. बहुतेक विभागांना दोन डायरेक्टर असतात. मुदत दोन वर्षे. डायरेक्टर आपल्या विभागातले कार्यगट उघडतो आणि बंद करतो, त्यांचे अध्यक्ष नेमतो, आणि सर्व विभागांतून येणारे मसुदे वाचून आपले मत नोंदवतो. सर्व विभागांतून, हा शब्द नीट वाचा. दर दोन आठवड्यांनी होणाऱ्या टेलिचॅटआधी, म्हणजे मंडळाच्या दूरस्थ बैठकीआधी, शेकडो पाने वाचायची असतात, आणि त्यातली बरीच तुमच्या विषयाबाहेरची असतात. ‘डिस्कस’ अशी नोंद केलीत की तुमच्या एकट्याच्या आक्षेपाने मसुदा थांबतो; तो आक्षेप नेमका काय, तो कसा दूर होईल हे लिहिणे आणि दूर झाला की वेळेवर मागे घेणे हे तुमचे काम. या अधिकाराचा वापर स्वतःच्या आवडीची रचना लादण्यासाठी करणारे डायरेक्टर समुदायाच्या फार काळ लक्षात राहतात.

आयएबीमध्ये नॉमकॉमने नेमलेले बारा सदस्य असतात आणि आयईटीएफचा अध्यक्ष हा तेरावा. इथे दर पंधरवड्याची मसुदा-वाचनाची चक्की नसते. इंटरनेटच्या रचनेबद्दलचा दूरचा विचार, इतर मानक संस्थांशी संबंध, आयईएसजीच्या निर्णयांवरची अपिले हे काम. ज्यांना एका प्रोटोकॉलच्या आतड्यात शिरून बसायला आवडते ते इथे कंटाळतात. उलट ज्यांना दोन प्रोटोकॉलमधल्या सांध्यात काय बिघडते हे दिसते, त्यांच्यासाठी ही जागा आहे.

आयईटीएफ एलएलसी हे पैसा, करार, सभांची ठिकाणे आणि कर्मचारी पाहणारे कायदेशीर मंडळ. २०१८ मध्ये स्थापन झाले. तिथे ताळेबंद वाचता येणारा, संचालक म्हणून कायदेशीर जबाबदारी घेतलेला माणूस हवा असतो. आयईटीएफ ट्रस्टकडे आरएफसींच्या कॉपीराइटसारखी बौद्धिक संपदा आहे. या दोन्हींकडे इच्छुक कमी वळतात, म्हणून वित्त किंवा कायद्याची बाजू पक्की असलेल्यांनी इथे जरूर पाहावे. मात्र ‘आयईएसजी नाही मिळाली तर एलएलसी’ असा विचार करू नका. तो उत्तरांतून जाणवतो.

आयईटीएफचा अध्यक्षही नॉमकॉमच नेमते. तो जनरल विभागाचा डायरेक्टरही असतो, आणि ते पूर्णवेळ काम आहे.

प्रत्येक मंडळ आपल्याला कोणते कौशल्य हवे आहे याचे टिपण दरवर्षी नॉमकॉमला देते आणि ते प्रसिद्ध होते. त्यातल्या प्रत्येक अपेक्षेपुढे स्वतःच्या कामाचा एक पुरावा लिहा, आठवण नको, दुवा हवा. निम्म्याहून जास्त ओळींपुढे काहीच लिहिता आले नाही तर या वर्षी थांबणे शहाणपणाचे.

आधीची दोन-तीन वर्षे

उमेदवार होण्यासाठी नियमात कोणतीही अट नाही. समुदायातला कोणीही कोणाचेही नाव सुचवू शकतो, स्वतःचेही. आरएफसी ९३८९ मधली पात्रता ही नॉमकॉमच्या स्वयंसेवकांसाठी आहे, उमेदवारांसाठी नाही. ही गल्लत नेहमी होते. पण अट नसली तरी रिकाम्या हाताने आलेल्याची निवड होत नाही.

सुरुवात मसुदे तपासण्यापासून करा. प्रत्येक विभागाच्या तपासणी चमू आहेत: सुरक्षेसाठी सेकडिर, सर्वसाधारण वाचनासाठी जेनआर्ट, ऑपरेशन्ससाठी ऑप्सडिर. इथे सचिव तुम्हाला आळीपाळीने मसुदे वाटतो, तुम्ही मुदतीत अभिप्राय लिहायचा, आणि तो डेटाट्रॅकरवर, म्हणजे आयईटीएफच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, कायमचा राहतो. आयईएसजीच्या कामाची याहून चांगली तालीम दुसरी नाही: विषय आपला नाही, वेळ थोडा आहे, तरी दोष शोधून लेखकाला उपयोगी पडेल अशा भाषेत सांगायचा आहे. वर्षभर असे अभिप्राय वेळेवर दिलेत की दोन गोष्टी आपोआप होतात. वेगवेगळ्या विभागांतल्या लेखकांना तुमचे नाव माहीत होते, आणि एरिया डायरेक्टर तुमचे अभिप्राय वाचून मत देऊ लागतात.

त्यानंतर एखाद्या मसुद्याचे शेफर्ड, म्हणजे तो पुढे नेणारे पालक, व्हा. कार्यगटातून मसुदा बाहेर पडताना त्यासोबत शेफर्डने लिहिलेले एक टिपण जाते: सहमती किती भक्कम होती, कोणी विरोध केला, कोणी अंमलबजावणी केली आहे, पेटंटच्या नोंदी आहेत का. हे टिपण सार्वजनिक असते. ‘सहमती चांगली होती’ असे एका ओळीत उरकणारे टिपण आणि ‘दोन अंमलबजावणीकारांनी अमुक कलमाला विरोध केला, त्यावर तमुक बदल झाला, एकाचा आक्षेप अजून कायम आहे’ असे टिपण, यांत कोणता माणूस पुढे न्यायचा हे कोणालाही कळते.

मग कार्यगटाचे सचिवपद आणि अध्यक्षपद. गटाचे अध्यक्ष एरिया डायरेक्टर नेमतो, नॉमकॉमचा संबंध नाही. डायरेक्टरला सरळ सांगा की अशी जागा रिकामी झाली तर माझा विचार करा. यात लाजण्यासारखे काही नाही, आणि न सांगितल्यामुळेच कित्येकांची आठवण होत नाही. अध्यक्ष झालात की आरएफसी ७२८२ उशाशी ठेवा. सहमती म्हणजे डोकी मोजणे नव्हे. प्रत्येक तांत्रिक आक्षेप ऐकून त्याला उत्तर दिले गेले का, हा निकष. उत्तर देणे म्हणजे मान्य करणे नव्हे. हा फरक तुम्ही प्रत्यक्ष वादात कसा सांभाळलात, यावर तुमची उमेदवारी पुढे तोलली जाणार आहे.

शक्य असेल तर एकदा नॉमकॉमसाठीही स्वयंसेवक म्हणून नाव द्या. पात्रतेचे मार्ग तीन आहेत: शेवटच्या पाचपैकी तीन सभांना नोंदणी करून हजेरी, आणि ती ऑनलाइनही चालते, फक्त किमान एका सत्रात लॉग-इन झालेले असले पाहिजे, किंवा गेल्या तीन वर्षांत कार्यगटाचे अध्यक्षपद वा सचिवपद, किंवा गेल्या पाच वर्षांत आयईटीएफ प्रवाहातल्या, म्हणजे आयईटीएफमधूनच निघालेल्या, किमान दोन आरएफसींवर लेखक वा संपादक म्हणून नाव. सोडतीत नाव लागले तर वर्षभर पलीकडच्या बाजूने सगळे पाहायला मिळते. त्या वर्षी मात्र स्वतः उमेदवार होता येत नाही, त्यामुळे हे दोन्ही एकाच वर्षी ठरवू नका.

एक सावधगिरी. लिस्टचे जुने संग्रह सार्वजनिक आहेत आणि नॉमकॉमचे सदस्य ते चाळतात. सहा वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता चिडून लिहिलेले पत्र तिथेच आहे. ते पुसता येत नाही. पण त्यानंतर त्याच माणसाशी तुम्ही नीट काम केलेले दिसले, तर त्या पत्राचे वजन बरेच कमी होते.

कंपनीची संमती आणि घड्याळ

या जागांना पगार नाही. एरिया डायरेक्टरचे काम आठवड्याला पंधरा-वीस तासांच्या खाली क्वचितच येते आणि बऱ्याचदा अर्ध्या नोकरीएवढे होते. वर्षाला तीन सभा, मार्च, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये, प्रत्येक आठवडाभराची. आरएफसी ८७१९ नुसार त्या उत्तर अमेरिका, युरोप आणि आशिया यांत फिरत्या ठेवल्या जातात. शिवाय मंडळाच्या स्वतंत्र बैठका.

म्हणून नाव देण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या. ‘साहेब हो म्हणाले’ पुरत नाही, कारण दोन वर्षांत साहेब बदलतो. पत्रात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: आठवड्याचा किती वेळ आयईटीएफसाठी, प्रवासखर्च कोण करणार, वरिष्ठ बदलला तरी संमती पूर्ण मुदतीसाठी राहील का, आणि या पदावर असताना तुम्ही कंपनीच्या उत्पादनाच्या बाजूने निर्णय द्याल अशी अपेक्षा नाही. चौथी ओळ लिहून घेताना कंपनीचा वकील कपाळाला आठ्या घालेल, पण तीच सगळ्यात महत्त्वाची. मुलाखतीत ‘कंपनीला नको असलेला मसुदा तुमच्यासमोर आला तर?’ हा प्रश्न जवळपास ठरलेला आहे. बीसीपी ७९ या आयईटीएफच्या नियमाप्रमाणे पेटंट जाहीर करण्याची जबाबदारीही तुमच्यावर असते. कंपनीच्या कायदा विभागाला हे आधीच समजावून ठेवा.

पुण्यातून किंवा मुंबईतून काम करणाऱ्याने दोन गोष्टी वेगळ्या हिशेबात धराव्यात. पहिली व्हिसा. भारतीय पासपोर्टवर वर्षाला तीन प्रवास म्हणजे तीन अर्ज असू शकतात. आमंत्रणपत्र नोंदणी झाल्याबरोबर मागवा, शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. दुसरी वेळ. टेलिचॅटची वेळ भारतात संध्याकाळ-रात्रीची असते, तेवढी निभते. पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची मार्चची सभा घरून करायची तर सकाळी साडेनऊचे सत्र आपल्याकडे रात्री दहाला सुरू होते आणि दिवस संपतो तो पहाटे साडेसहाला. एखाद्या आठवड्यापुरते हे जमते. घरच्यांशी बोलून ठेवा. दूरस्थ सहभागासाठी शुल्कमाफीची सोय आहे, त्यामुळे सुरुवातीची वर्षे पैशांअभावी अडू नयेत. डायरेक्टर म्हणून मात्र बहुतेक सभांना प्रत्यक्ष जाता येणार नसेल तर ते उमेदवारांना भरावी लागणाऱ्या प्रश्नावलीत स्वतःहून लिहा. नंतर उघड झाले की जास्त महागात पडते.

वर्षाचे चक्र

तारखा दरवर्षी थोड्या हलतात, पण चाल ठरलेली. मे-जूनच्या सुमारास नॉमकॉमसाठी स्वयंसेवक मागवले जातात आणि मग सोडत होते. जुलैच्या सभेच्या सुमारास समिती कामाला लागते, रिक्त जागांची यादी आणि अपेक्षांची टिपणे येतात, नावे मागवली जातात. शरद ऋतूत उमेदवार होकार देतात, प्रश्नावली भरतात, समुदायाचे अभिप्राय येतात. नोव्हेंबरच्या सभेत बहुतेक मुलाखती. त्यानंतर समितीची चर्चा, मग मान्यता देणाऱ्या मंडळांकडे नावे, वर्ष बदलल्यावर घोषणा, आणि मार्चच्या सभेत नवे लोक जागा घेतात.

कंपनीची संमती मिळवायला सर्वाधिक वेळ लागतो, म्हणून ते काम मे महिन्यात सुरू करा. ऑगस्टमध्ये सुरू करणारे नाव देण्याच्या मुदतीच्या दिवशी मानव संसाधन विभागाच्या उत्तराची वाट पाहत बसतात.

नाव देणे आणि होकार

डेटाट्रॅकरवर खाते असले पाहिजे आणि त्यात तुमचा चालू ईमेल पत्ता. जुन्या कंपनीचा पत्ता राहिला तर नामांकनाचे पत्र तिकडे जाते आणि तुम्हाला कळतही नाही. हे हास्यास्पद वाटते, पण होते. नाव दुसऱ्याने सुचवले असो की स्वतः दिलेले असो, तुम्ही होकार दिल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. स्वतः नाव देण्यात कमीपणा नाही. समिती त्यावरून गुण कापत नाही.

होकार दिलात की तुमचे नाव त्या जागेच्या इच्छुकांच्या यादीत समुदायासमोर येते. ही यादी पूर्वी गुप्त असे. २००९ च्या आरएफसी ५६८० ने ती खुली केली. त्यामुळे होकार देण्याआधी आपल्या वरिष्ठाला, सहअध्यक्षांना आणि सध्या त्या जागेवर असलेल्या डायरेक्टरला सांगा. यादीतून त्यांना कळणे बरे नव्हे. सध्याचा डायरेक्टर पुन्हा उभा राहत असला तरीही सांगा. त्याच्याविरुद्ध उभे राहणे ही तिथे बेअदबी समजत नाहीत. उलट एकाच उमेदवारापुढे समिती हतबल होते.

पाठिंबा मागू नका

आरएफसी ८७१३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की उमेदवारांनी पाठिंबा गोळा करू नये, आणि इतरांनीही कोणत्याही सार्वजनिक व्यासपीठावर अमुक उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात लिहू नये. आपल्याकडे सोसायटीच्या कमिटीपासून साहित्य संस्थेपर्यंत प्रचाराची सवय अंगात भिनलेली असते, त्यामुळे हा नियम सहज मोडला जातो: लिंक्डइनवर ‘मी उभा आहे, आपल्या शुभेच्छा असू द्या’ अशी पोस्ट, कंपनीच्या ग्रुपवर ‘सगळ्यांनी फीडबॅक टाका रे’ असा निरोप. एकाच दिवशी एकाच कंपनीतून सारख्याच शब्दांतले वीस अभिप्राय आले की समितीला ते लगेच ओळखू येतात, आणि त्याचा फायदा शून्य, तोटा बराच.

अभिप्राय डेटाट्रॅकरवरून जातात आणि समितीच्या किल्लीने कूटबद्ध होऊन साठवले जातात. तुमच्याबद्दल कोणी काय लिहिले ते तुम्हाला कधीच कळणार नाही. ज्यांच्याशी तुमचे वाद झाले त्यांनाही समिती विचारू शकते, आणि बरेचदा विचारतेच. तेव्हा सर्वांत उपयोगी अभिप्राय तुमच्या मित्राचा नसतो. ‘आमचे पटले नाही, पण माझे म्हणणे त्याने नीट ऐकून घेतले’ असे लिहिणाऱ्याचा असतो. तो मागून मिळत नाही.

प्रश्नावलीत संदर्भासाठी नावे विचारली असतील तर मोकळेपणाने द्या. तिथेही निवड विचार करून करा: एक तुमच्या विभागातला, एक बाहेरचा, एक ज्याच्यासोबत तुम्ही वाद हाताळला आहे असा, आणि एकच तुमच्या कंपनीतला.

प्रश्नावली

इथेच बहुतेक उमेदवाऱ्या घसरतात, आणि कारण बहुधा एकच असते: विशेषणे. ‘मला सुरक्षेत पंधरा वर्षांचा अनुभव आहे, मी उत्तम संवादक असून सहमती घडवण्यात कुशल आहे’ हे वाक्य समितीने त्या दिवशी अनेकदा वाचलेले असते. त्याऐवजी घटना द्या. उदाहरणादाखल साचा असा:

‘किल्ल्या बदलण्याच्या पद्धतीवरून आमच्या गटात दोन मसुदे समोरासमोर होते आणि दोन सभांत प्रश्न सुटला नव्हता. सहअध्यक्ष म्हणून मी मतभेद तीन प्रश्नांत मोडला आणि प्रत्येकासाठी लिस्टवर वेगळी, मुदतबंद चर्चा घेतली. दोन प्रश्नांवर सहमती झाली. तिसऱ्यावर एका अंमलबजावणीकाराचा आक्षेप कायम राहिला. तो का मान्य झाला नाही हे निष्कर्षात लिहिले. चर्चेचे दुवे पुढे आहेत.’

यात कोणतेही विशेषण नाही, पण दहाही जणांना माणूस दिसतो. दुवे खरे असावेत आणि उघडून पाहावेत. समितीतले निदान दोघे ते उघडणारच.

विभागाबद्दलच्या प्रश्नाला उत्तर देताना काय बंद कराल, हे लिहायला विसरू नका. नवे गट काढण्याची यादी सगळेच देतात. ‘अमुक कार्यगटाचे उद्दिष्ट पूर्ण झाले आहे, उरलेले दोन मसुदे संपवून तो बंद करावा’ असे लिहिणाऱ्याने आपल्या विभागाकडे डायरेक्टरच्या नजरेने पाहिले आहे हे कळते. मात्र गटातल्या व्यक्तींवर शेरे मारू नका.

वेळेच्या प्रश्नावर आकडा द्या. ‘पुरेसा वेळ देईन’ नको, ‘आठवड्याला इतके तास, कंपनीच्या लेखी संमतीने, माझ्याकडची दोन कार्यगटांची अध्यक्षपदे मार्चपर्यंत सोडेन’ असे हवे. कमकुवत बाजू विचारली तर खरी सांगा आणि तिच्यावरचा उपाय सांगा. राउटिंगच्या माणसाने ‘टीएलएसचे मसुदे वाचताना मला सेकडिरच्या अभिप्रायावर अवलंबून राहावे लागेल’ असे लिहिणे हा दोष नाही. सर्व विभागांत सारखेच पारंगत असल्याचा दावा हा मात्र दोष.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. छोटी वाक्ये, सरळ क्रियापदे. लिहून झाले की तुमच्या क्षेत्राबाहेरच्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि एकच विचारा: यातला कोणता शब्द कळला नाही?

मुलाखत

साधारण अर्ध्या तासाची, काही सदस्य समोर, काही पडद्यावर. सगळ्यांनी तुमची प्रश्नावली वाचलेली असते, म्हणून स्वतःची ओळख करून देण्यात पाच मिनिटे घालवू नका.

प्रश्न बहुधा प्रसंगांवर येतात. कार्यगटाच्या अध्यक्षाविरुद्ध तक्रार आली आणि तो तुमचा जुना मित्र आहे, काय कराल? इथे अपिलाची वाट पाठ असावी: आधी कार्यगटाचे अध्यक्ष, मग एरिया डायरेक्टर, मग आयईएसजी, मग आयएबी. तुमचा स्वतःचा निर्णय आयएबीने फिरवला तर? दोन वर्षे रखडलेल्या मसुद्याचे लेखक उत्तरच देत नाहीत, तर? सहडायरेक्टर तुमच्या मताविरुद्ध ‘डिस्कस’ धरून बसला आहे, तर? या प्रश्नांना एकच बरोबर उत्तर नसते. समिती पाहते ती तुमची पहिली हालचाल: कोणाला विचारता, काय लिहून ठेवता, किती दिवस थांबता, आणि अधिकार वापरायची वेळ कधी आली असे मानता. लगेच अधिकार वापरणारा घाबरवतो. कधीच न वापरणारा काम अडवतो.

इतर उमेदवारांबद्दल विचारले तर त्यांच्या कामाबद्दल बोला. आपल्याला त्यांच्यापेक्षा का निवडावे, याचे उत्तर स्वतःच्या कामाच्या भाषेत द्या.

ऑनलाइन मुलाखत असेल आणि महाराष्ट्रातून देत असाल तर इन्व्हर्टर आणि दुसरे नेट कनेक्शन आधी तपासा. नोव्हेंबरमध्ये वीज फारशी जात नाही, पण त्या अर्ध्या तासासाठी धोका का घ्यायचा.

मान्यता, निकाल आणि मार्चपर्यंतचा काळ

समितीने नाव ठरवले की ते मान्यतेसाठी जाते: आयईएसजीच्या जागा आयएबीकडे, आयएबीच्या जागा इंटरनेट सोसायटीच्या विश्वस्त मंडळाकडे, एलएलसीच्या जागा आयईएसजीकडे. मान्यता नाकारली गेली तर समितीला दुसरे नाव द्यावे लागते. ही सगळी देवाणघेवाण गुप्त असते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत काही कळत नसेल तर त्यातून काही अर्थ काढू नका आणि सदस्यांना खोदून विचारू तर अजिबात नका.

निवड झाली नाही तर कारणे बहुधा तुमच्यापुरती नसतात. समितीला विभागातला दुसरा डायरेक्टर कोण आहे, मंडळावर एकाच कंपनीची किती माणसे होतात, कोणत्या खंडातून कोणी नाही, हेही पाहावे लागते. चर्चा गुप्त असल्यामुळे सविस्तर कारण मिळणार नाही. आपल्या एरिया डायरेक्टरला मात्र विचारता येते: माझ्या कामात काय कमी दिसते? त्याचे मत समितीचे नसेल, पण कामाचे असेल. पुढच्या वर्षी मते असलेले दहा जण पुन्हा सोडतीने नव्याने निवडले जातात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निवडलेले लोक काही कमी नाहीत. नियमाप्रमाणे मधल्या काळात रिकामी झालेली जागाही नॉमकॉमच भरते, तेव्हा इच्छा असल्यास तसे कळवून ठेवा.

निवड झाली तर घोषणेपासून मार्चपर्यंतचे आठवडे मोकळे सोडू नका. जाणाऱ्या डायरेक्टरकडून प्रत्येक कार्यगटाची स्थिती लेखी घ्या: अडकलेले मसुदे, न सुटलेले ‘डिस्कस’, थकलेले अध्यक्ष, येऊ घातलेली अपिले. टेलिचॅटची कार्यपत्रिका जानेवारीपासूनच वाचायला लागा आणि दोन फेऱ्या मनातल्या मनात मत नोंदवून पाहा. पानांचा वेग त्यातून कळतो. आणि तुमच्याच विभागातल्या कार्यगटांची अध्यक्षपदे सोडा. स्वतःच्या गटाचा मसुदा स्वतःच डायरेक्टर म्हणून पुढे नेण्याची वेळ येऊ नये. एखाद्या मसुद्याचे तुम्ही लेखक असाल तर त्याची जबाबदारी सहडायरेक्टरकडे द्या आणि मतनोंदणीत स्वतःला बाजूला ठेवा. डेटाट्रॅकरवर त्यासाठी ‘रिक्यूज’ हा पर्याय आहे.